पन्नासमध्ये बायका दोनच

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, यांतलं कशालाही मी घाबरू शकते. लेकीच्या बाबतीत तर मला घाबरायला कारणसुद्धा लागत नाही. ती पुण्यात नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते, आणि तिनं एकदा फोन उचलला नाही की दुसऱ्यांदा लावेपर्यंत मी मनातल्या मनात पुण्यातले सगळे दवाखाने फिरून आलेली असते.

तर या लेकीनं एका रविवारी फोन करून सांगितलं, की तिनं चिखलदऱ्याच्या डोंगरातल्या एका शर्यतीत नाव दिलंय. पन्नास किलोमीटर, रस्त्यानं नाही, पायवाटांनी. मी मेथी निवडत होते. ती तशीच हातात राहिली.

"जंगलात? एकटी?"

"एकटी कशी, आई? बरीच माणसं असतात."

"त्याच्यात बाया किती?"

ती म्हणाली, "बऱ्याच आहेत. पण त्या पंचवीसमध्ये आहेत. पन्नासमध्ये सध्या मी एकटीच."

दुसरी कोणी आई असती तर रडली असती, शपथ घातली असती, बापाला पुढे केलं असतं. मी हे सगळं करून पाहिलं. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. मग आठवडाभरानं मी संगणकासमोर बसले आणि त्याच शर्यतीत, त्याच पन्नासमध्ये, माझं नाव घातलं. पोरगी जंगलात जाणारच असेल, तर तिच्या मागे कोणीतरी घरचं माणूस हवं, एवढाच माझा हिशेब होता.

नवरा आधी हसला, मग मी हसत नाही हे पाहून गंभीर झाला. "तुले बस पकडाले पळता येत नाई, अन् तू पन्नास किलोमीटर पळून राहिली?"

"पळाचं कोणाले हाय? मी फक्त तिच्यासंगं राहीन."

"अवो, ते पोट्टी पुढं निंघून जाईन. तू तिच्यासंगं कशी राहशीन?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणून मला त्याचा भयंकर राग आला. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

शर्यतीला दोन महिनेही उरले नव्हते. मी अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. समोच्चरेषा जवळ जवळ असल्या म्हणजे चढ तीव्र, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवत आले, पण स्वतः तीव्र चढ चढायची वेळ कधी आली नव्हती. अकोल्यात चढ आणायचा कुठून? आमचं गाव परातीसारखं सपाट. चढ म्हणजे उड्डाणपूल. मी पहाटे त्या पुलावर जायची आणि वर-खाली करायची. दूधवाले ओळखायला लागले. कोपऱ्यावरची कुत्री मात्र शेवटपर्यंत ओळखीची झाली नाहीत. शाळा सुटल्यावर जिने चढायची. त्यात सहामाहीचे पेपर तपासणं आलं, पुतण्याचं लग्न आलं, मग आठवडाभर ताप आला. सगळ्यात लांब गेले ती बार्शीटाकळीच्या रस्त्यानं, आणि येताना ऑटोत बसून आले. घरी विचारलं तर म्हटलं, झालं बरंच.

लेकीला कळलं तेव्हा ती भडकली. "तू माझ्यावर पाळत ठेवायला येते आहेस."

"पाळत काऊन ठेवू? मलेबी पळायचं हाय."

तिचा विश्वास बसला नाही, पण पंधरा दिवसांनी तिनं पुण्याहून माझ्या मापाचे बूट पाठवले. सोबत फोनवर एक अट घातली. "आई, जंगलात ओरडायचं नाही. प्लीज."

या ओरडण्याची गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर बार्शीटाकळीकडचं. हरभऱ्याला घाटे धरले की माझे वडील शेतात राखणीला जात. रोही आणि रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून मचाणावर बसायचं. त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. दिवस कलताना त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं, आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मला एकटीनं जावं लागायचं. मी रडकुंडीला यायची. वडील म्हणाले, "भेव वाटलं का आवाज देजो. मी इकून दीन." मग मी धुऱ्याच्या तोंडाशी उभी राहून पोटातून "होऽऽऽ" करायची आणि हरभऱ्याच्या पलीकडून वडिलांचा "होऽऽऽ" यायचा. त्यात शब्द नाही, निरोप नाही. मी इथं आहे, तू तिथं आहेस, एवढंच. शेजारच्या शेतांतली जागलीची माणसंही एकमेकांना असाच आवाज देत. ज्याच्याकडून उत्तर आलं नाही, त्याच्याकडे कोणीतरी उठून जायचं, असा रिवाजच होता.

लेक लहान असताना अकोल्यात वीज गेली की अंधाऱ्या जिन्यात आम्ही मायलेकी हाच खेळ खेळायचो. पुढे ती पुण्याला गेली. पहिल्यांदा तिच्याकडे गेले, तेव्हा मी रिक्षातून उतरले, मान वर केली आणि तिसऱ्या मजल्याकडे बघून खणखणीत आवाज दिला. चार खिडक्या उघडल्या. ती धावत खाली आली, लालबुंद झालेली. "आई, इथं असं ओरडत नाहीत. फोन करायचा असतो." तेव्हापासून मी फोन करते. तिचा स्वतःचा आवाजही तिकडे राहून पातळ झालाय. दुकानदाराशी बोलते तरी शेजारच्याला ऐकू जात नाही.

शर्यतीच्या दोन दिवस आधी ती अकोल्याला आली. आम्ही बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून अमरावतीला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो. बहिणीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मरायले चालली काय वं?" मग तूप ओतून ओतून वाढलं. निघताना तिनं आपला सुती दुपट्टा माझ्या पिशवीत कोंबला. "कान बांधून पळजो. कानातूनच ऊन शिरते." आमच्याकडे उन्हात निघायचं म्हणजे आधी कान बांधायचे. ते बांधले की निम्मं ऊन तिथंच अडतं, ही वऱ्हाडातल्या प्रत्येक घराची खात्री आहे. लेकीनं डोळे फिरवले, पण मावशीसमोर काही बोलली नाही.

चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती आणि गार वारा सुटला होता. आम्ही चहा प्यायला एका टपरीवर थांबलो. मी टपरीवाल्याला विचारू नये ते विचारलं. जनावरं दिसतात का?

"दिसतात ना, बाई. अस्वल हाय, वाघबी हाय, पण वाघ तुमच्या वाटीले नाई जात. रानकुत्रे मात्र टोळीनं हिंडतात."

"भुंकतात?"

"नाई नाई. शिट्टी मारतात ते. एकमेकायले बोलावतात. एक इकून मारते, एक तिकून."

लेक म्हणाली, "आई, ते माणसांच्या अंगावर येत नाहीत." टपरीवालाही मान हलवत म्हणाला, नाई येत. पण माझ्या कानात गेलं ते गेलं. रात्री लॉजवर मी पांघरुणात पडून खिडकीबाहेरचा प्रत्येक आवाज ऐकत होते आणि शेजारी ती शांत झोपली होती.

सकाळी उजाडायच्या बेताला आम्ही सगळे रांगेत उभे होतो. आयोजकांनी प्रत्येकाला एकेक शिट्टी दिली होती, ती पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्याला लटकवायची. खरोखरच अडचणीत असाल तरच वाजवा, कारण वाजली की माणसं धावत येतील, असं दोनदा बजावलं. मी मनात म्हटलं, झालं. माणसं धावत आली तर त्यांना काय सांगायचं, मला भीती वाटली म्हणून? तेवढ्यात माईकवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पन्नासमध्ये बायका दोनच, आणि त्या दोघीही मायलेकी!" टाळ्या पडल्या. आमचा फोटो काढला. फोटोत मी दुपट्ट्यानं कान बांधून उभी आहे आणि लेक माझ्यापासून वीतभर लांब.

सुटल्यावर ती काही वेळ माझ्याबरोबर राहिली. मला तिच्या पावलांवरून कळत होतं की ती स्वतःला आवरून धरतेय. पहिल्या चढाला माझा श्वास शिट्ट्या मारायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "जाय. तू जाय पुढं."

"नक्की?"

"जाय ना वं."

ती गेली. पिवळं जाकीट एका वळणावर दिसलं, दुसऱ्या वळणावर दिसलं, मग नाही. दोन महिने उड्डाणपुलावर धापा टाकून मी जिच्यामागे राहणार होते, ती पोरगी तासाभरातच माझ्या नजरेबाहेर गेली. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

पुढचे काही तास मी भीतीला धरून चालले. पळाले असं म्हणणार नाही. सपाटीवर दुडकी, चढाला चालणं, उताराला देवाचं नाव. शर्यतीची वाट राखीव जंगलाबाहेरून, गावं जोडणाऱ्या पायवाटांवरून होती. फांद्यांना लाल फिती बांधलेल्या होत्या आणि त्या दिसत राहिल्या की मला जरा धीर यायचा. पण माणूस दिसत नव्हतं. माझ्या मागे चार-पाच जण होते, तेही कुठं राहिले कोण जाणे. सगळ्यांच्या शेवटून एक माणूस येणार होता, मागे कोणी राहू नये म्हणून. तो येतोय, या विचाराला मी गच्च धरून होते.

सागाची पानगळ सुरू होती. वाटेवर ताटाएवढी वाळकी पानं पसरलेली. त्यांच्यावर सरडा गेला तरी रेडा गेल्यासारखं वाजतं. मी थांबले की आवाज थांबायचा, मी निघाले की निघायचा. माझ्याच पावलांना मी कितीदा दचकले, ते मोजलं नाही. मांड्या भरून आल्या, पायाच्या अंगठ्याला फोड आला, आणि या सगळ्याचं मला काही वाटत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट होती, की पोरगी पुढे एकटी आहे.

पहिल्या पाण्याच्या टेबलावर विचारलं, तर म्हणाले, पिवळं जाकीट ना, आत्ताच गेली, मजेत आहे. दुसऱ्या टेबलावरही तेच; माझ्या मागच्या चार-पाच जणांनी शर्यत सोडल्याचंही तिथंच कळलं. तिथं मी दोन संत्री खाल्ली, दुपट्टा पाण्यात भिजवून परत घट्ट बांधला आणि निघाले. ऊन चांगलंच तापलं होतं.

यानंतरचा टप्पा सगळ्यात लांब. वाट एका दरीत उतरायची, खाली कोरडा नाला, मग पलीकडून एका वस्तीकडे चढायची. उताराला मुरमाड जमीन आणि त्यावर सागाची पानं, म्हणजे पायाखाली काय आहे ते कळायचंच नाही. मी बुटांच्या टोकांवरून नजर उचलली नाही. डावीकडे खोल होतं, तिकडे तर बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

अर्ध्या उतारावर मला शिट्टी ऐकू आली.

बारीक, लांबून आल्यासारखी, डावीकडून. भिजलेल्या दुपट्ट्याच्या दोन घड्यांमधून ती आली म्हणून असेल, पण ती माणसाची वाटली नाही. मी जागच्या जागी थिजले. परत वाजली. एक इकून मारते, एक तिकून. आता दुसरी उजवीकडून वाजणार, अशी माझी खात्रीच झाली, आणि मी पळाले. अकोल्याच्या पुलावर कधी पळाले नसेन अशी पळाले. फोड, मांड्या, मुरूम, काही आठवलं नाही. नाला कधी ओलांडला तेही आठवत नाही. मागे शिट्टी आणखी एकदा वाजली आणि मी आणखी जोरात पळाले.

वस्तीजवळच्या टेबलावर पोचले तेव्हा माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. टेबलावर शर्यतीचे बनियन घातलेले दोन गृहस्थ होते. त्यातला एक मला बघून उभाच राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"या या, मॅडम! लेडीजमध्ये तुमी पयल्या!"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पहिली माझी मुलगी. पिवळं जाकीट."

"नाई, मॅडम. इथं बाई म्हणून अजून कोणीच नाई आलं. तुमीच पयल्या."

आयुष्यात माझा कशात पहिला नंबर आला नव्हता. तो आला तेव्हा मी मटकन सतरंजीवर बसले. दुसऱ्या टेबलापर्यंत ती माझ्या पुढे होती. इथं ती नाही. मधे वाट एकच.

ते दोघे धीर देत होते. कुठं फाटा चुकली असेल. दम लागला म्हणून मागं वळली असेल. फोन लागत नव्हता, म्हणून एक जण मोटारसायकल काढून रस्त्यानं मागच्या टेबलाकडे चौकशीला निघाला. दुसऱ्यानं मला लिंबूपाणी दिलं. "तुमी बसा, मॅडम. काई नाई होत. तिच्यापाशी शिट्टी हाय ना? सगळ्यायले देल्ली हाय. अडचण असती तं शिट्टी मारली असती पोरीनं. कोणी ना कोणी आयकलीच असती."

तो आणखीही काही बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं. मी दुपट्टा कानावरून ओढून काढला, अगदी हिसकून, जणू आता काढून काही होणार होतं.

शिट्टी मी ऐकली होती, तीन वेळा. माझ्या पोरीनं मला हाक मारली होती आणि मी तिच्यापासून पळून आले होते.

उठून उभी राहिले, तर तो गृहस्थ आडवा आला. "मॅडम, मागं जाता येत नाई. मागं गेल्या तं बाद होसान. अन् एकट्या जाऊ नका, माणसं येऊन राहिली."

"करा बाद," मी म्हटलं आणि निघाले.

आता खरं सांगते. तिच्या काळजीनं माझी भीती पळाली, असं काही झालं नाही. भीती होती तितकीच होती, उलट आता दोन झाल्या होत्या. ती दरी तीच, पानं तीच, आणि मघाशी मी तिथून जीव घेऊन पळाले होते. आता पुन्हा त्याच तोंडात जायचं होतं. मी नाल्यापर्यंत उतरले आणि वर बघितलं, तर सगळा उतार सारखाच दिसत होता. साग, पानं, दगड. शिट्टी वाजत नव्हती. ती कधीपासून वाजत नव्हती, कोण जाणे. ते थांबणंच मला सगळ्यात भयानक वाटलं.

मी माझी शिट्टी तोंडाला लावली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की फुंकर धड येईना. शिट्टीचा उपयोग तरी काय, तीच तर ऐकून मी पळाले होते. मग मी तिथं नाल्यात पाय रोवून उभी राहिले आणि धुऱ्यावर द्यायची तसा आवाज दिला. पोटातून.

"होऽऽऽ!"

दरीतून तो फिरून माझ्याकडेच आला. उत्तर नाही. मी थोडी वर चढले, परत दिला. पाखरं उडाली. उत्तर नाही. अजून वर. माझा आवाज फाटायला लागला होता. उत्तर येत नसेल तर उठून जायचं, हे माहीत होतं. पण कुठं जायचं ते कळत नव्हतं. मला रडू फुटलं आणि रडतच मी चौथ्यांदा आवाज दिला.

खालून, उजव्या हाताला, पानांच्या आतून आल्यासारखा एक आवाज आला.

"हो."

एवढाच. पातळ, पुण्याचा. मी वाट सोडून बसत, घसरत, झुडपांना धरत त्या दिशेनं खाली गेले. एका मोठ्या दगडाच्या आड पिवळं जाकीट दिसलं. ती दगडाला टेकून बसली होती. उतारावर पानांवरून पाय सटकला आणि ती थेट इथंवर आली होती. बूट काढलेला, घोटा सुजून टम्म. गालावर खरचटलेलं. ओठ पांढरे पडलेले. शिट्टी तिच्या मुठीत होती.

मी तिचं डोकं, हात, पाठ, सगळं चाचपलं. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, तू पळून का गेलीस?"

तिनं रागानं विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती लहान मुलीसारखं विचारत होती.

"मी वरून पानं वाजलेली ऐकली. मला कळलं तूच आहेस, तुझी चाल कळते मला. हाका मारल्या, तू थांबली नाहीस. म्हणून शिट्टी वाजवली, तर तू पळायलाच लागलीस. परत वाजवली, तर अजून जोरात. मग मला वाटलं, आता कोणीच येणार नाही. वाजवायचं सोडूनच दिलं."

"कान बांधले होते वं माये," मी म्हटलं. "अन् मले वाटलं, रानकुत्रे."

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती इतकी रडायला लागली, की मी तिला पोटाशी धरलं तरी तिचं अंग हलायचं थांबेना. मीही रडत होते. दुपट्ट्यानं मी तिचा घोटा बांधला. कानापेक्षा तिथंच त्याचा जास्त उपयोग झाला.

तिला उचलून वर नेणं माझ्यानं होणार नव्हतं आणि तिला सोडून वर जाणं तर अजिबातच होणार नव्हतं. म्हणून आम्ही तिथंच बसलो, दगडाला पाठ लावून. ऊन उतरायला लागलं होतं आणि दरीत सावली लवकर येते. वर कुठंतरी पानं वाजली. ती माझ्या दंडाला इतकी घट्ट बिलगली, की तिची नखं मला लागली. आवाज थांबला. पानं परत वाजली, जरा जवळून.

"आई," ती कुजबुजली, "आवाज दे."

मी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. चार हाकांत होता तेवढा आवाज संपला होता. मी पुन्हा प्रयत्न केला, घसा धरला, मान हलवली. नाही येत, असं तिला खुणेनं सांगितलं. तिच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसली, अगदी जशीच्या तशी, धुऱ्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोरीची.

मग तिनं माझा दंड सोडला. दगडाला हात टेकून एका पायावर उभी राहिली, मान वर केली आणि आवाज दिला. "होऽऽऽ!" पातळ नाही, पुण्याचा नाही. चार खिडक्या उघडतील असा. माझ्या बापाचा आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकत होते.

बराच वेळ काही आलं नाही. तिनं परत दिला. मग वरून, पानांच्या पलीकडून, एका पुरुषाचा आवाज आला.

"होऽऽ! कोण हाय वो खाली?"

तो सगळ्यांच्या शेवटून येणारा माणूस होता. पण ते आम्हाला मागून कळलं. तेव्हा लेकीनं नुसता माझा हात धरला आणि वर बघून, जंगल दणाणेल अशी ओरडली, "दोघी आहोत! आम्ही दोघी आहोत!"